कागद हलत नाही

पाणी खात्याच्या नकाशा खोलीतल्या बाईंना सगळे ठिपकाबाई म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. जुने नकाशे स्कॅन करून संगणकात घालायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा शंका काढणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच उत्तर देत, "एक ठिपका हरवला तर नाव बदलेन." ठिपका हरवल्याचं कोणाला दिसलं नाही. नाव मात्र बदललं.

खोली तळमजल्यावर होती. मधोमध काच लावलेलं लांब टेबल, भिंतीशी सपाट खणांचं लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं आवरण घातलेलं फॅक्स मशीन. बाईंना ही खोली लहानपणापासून माहीत होती. वडील गेल्यावर त्या मामाच्या घरी वाढल्या आणि मामा याच टेबलावर आयुष्यभर नकाशे काढत होते. सुट्टीत भाची टेबलाच्या टोकाला बसून पेन्सिलच्या रेघा खोडायची. नळ जमिनीखाली किती खोल आहे, व्हॉल्व्ह भिंतीच्या कोपऱ्यापासून किती मीटरवर आहे, हे सगळं मामा शाईच्या पेनने हाताने लिहीत. आकडे इंग्रजी वळणाचे. त्यांचा आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन शून्यं, त्यातलं वरचं बारीक आणि दाबलेलं.

"मामा, तुमच्या आठाच्या डोक्यावर कोणी बसलंय का?" भाचीने एकदा विचारलं होतं.

"माझा साहेब," मामा म्हणाले.

पुढे बाई त्याच खोलीत नोकरीला लागल्या. सुरुवातीची बरीच वर्षं पंपघरांना नकाशे फॅक्सने पाठवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाकडून त्यांनी त्याची रीत समजून घेतली. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग नसतो, छटा नसते. ठिपका काळा असतो नाहीतर पांढरा. म्हणून मशीन अख्खं चित्र पाठवतच नाही. सलग पांढरे किती, मग सलग काळे किती, एवढंच कळवतं. त्यापुढच्या हुशार पद्धतीत तर प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा कुठे वेगळी आहे, तेवढंच सांगितलं जातं. पलीकडचं मशीन हाच हिशेब उलटा मांडून चित्र पुन्हा उभं करतं. निरोप आटोपशीर होतो आणि हरवत काही नाही. बाईंना हे फार आवडलं होतं. थोडक्यात बोलायचं, पण खोटं बोलायचं नाही, असं त्या म्हणत.

स्कॅनिंगचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी हीच जुनी पद्धत निवडली. पहिला गठ्ठा त्यांनी मूळ कागदाशी ताडून पाहिला होता, त्यामुळे ठिपक्याची बढाई तेव्हा खरी होती. मग साहेब खोलीत आले. साहेब म्हणजे खात्याचे अभियंता.

"बाई, तुमचे नकाशे सर्व्हर खाऊन बसलेत. जरा आवरा."

"साहेब, कपाट भरलं की तुम्ही दुसरं कपाट आणता."

"ते कपाट मागवायला मला किती सह्या लागल्या होत्या, माहीत आहे? आवरा."

नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक पद्धत होती. त्यात मशीन गठ्ठ्यातल्या सगळ्या पानांवरची अक्षरं आणि आकडे ठशांसारखे गोळा करतं. एखाद्या ठशासारखा आकार पुन्हा दिसला की तो नव्याने साठवत नाही, 'तोच ठसा इथे' एवढं टिपून ठेवतं. त्यातही दोन वाटा होत्या. एका वाटेने गेलं तर ठसा आणि खरा आकडा यांत जो काही फरक असेल तोही साठवला जायचा आणि पान तंतोतंत राहायचं. दुसऱ्या वाटेने फरक सोडून दिला जायचा आणि फाइल आणखी लहान व्हायची. बाईंनी दुसऱ्या वाटेने एक नकाशा करून पाहिला. पडद्यावर तो मूळ नकाशापेक्षा स्वच्छ दिसला. त्यांनी तोच पर्याय कायम केला. कोणाला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. मूळ कागदांच्या गुंडाळ्या गोदामात गेल्या. ज्यांना वाळवी लागली होती त्या टाकून दिल्या. ठिपक्याचं वाक्य बाई पूर्वीसारखंच म्हणत राहिल्या.

छापखान्याच्या गल्लीत मोठा नळ फुटला तो यानंतर. पाणी बंद करायचं तर रस्त्याखालचा व्हॉल्व्ह आधी सापडायला हवा होता. खोदकामाची टोळी मुकादमांच्या हाताखाली होती. हा उंच, कमी बोलणारा माणूस मामांच्या काळापासून खात्यात होता. मुकादम नकाशा खोलीत आले, बाईंनी काढून दिलेला ताजा नकाशा पाहिला आणि थबकले.

"बाई, हे कोपऱ्यापासून सहा लिहिलंय. तो आठवर आहे."

"मुकादम, नकाशात सहा आहे."

"मला आठ आठवतोय."

"तुम्हाला आठवतोय म्हणून आठ?" बाई म्हणाल्या. खोलीतले दोघं-तिघं हसले. मुकादमही थोडे हसले आणि कागद घेऊन गेले.

टोळीने सहा मीटरवर खोदलं. काही मिळालं नाही. खड्डा रुंद केला, खोल केला. तोवर छापखान्याच्या तळघरात पाणी शिरून कागदाची रिळं फुगून वर आली होती. शेवटी मुकादमांनी साहेबांना फोन करून परवानगी घेतली आणि मग आठवर कुदळ मारली. व्हॉल्व्ह तिथे होता.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. नकाशा म्हणतो सहा आणि जमीन म्हणते आठ, हे कसं, असं वरच्या कार्यालयातून आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं. मुकादम म्हणाले, "एकदा मूळ कागद काढून बघा ना."

"तो गोदामात खाली दबलाय," बाई म्हणाल्या. "आणि काढायची गरज नाही. त्यात जे आहे तेच पडद्यावर आहे. एक ठिपका इकडचा तिकडे होत नाही."

"मग आठवर कसा आला?" अधिकाऱ्याने विचारलं.

बाईंनी क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, "कागद हलत नाही, साहेब. म्हणजे व्हॉल्व्ह हलला असणार."

हे वाक्य सगळ्यांना पटलं. त्या गल्लीत आजवर दुरुस्ती केली होती ती मुकादमांच्याच टोळीने. म्हणजे कधीतरी त्यांनीच व्हॉल्व्ह दोन मीटर सरकवला आणि कळवलं नाही. त्यांना आठ आठवत होता, हाच मग पुरावा ठरला. सरकवला नसता तर आठ माहीत कसा असता?  आपण खरं बोललो होतो आणि त्यानेच अडकलो, हे मुकादमांच्या लक्षात आलं असावं.

त्यांची मुकादमी गेली. मीटरच्या गोदामात बसवलं. खात्यात नावं पडायला वेळ लागत नाही. त्यांना 'सरकवे' म्हणू लागले. कॅन्टीनमध्ये कोणी खुर्ची ओढली की दुसरा ओरडायचा, "अरे, सरकवलीस तर कळव!" चहावाल्या मावशीसुद्धा बशी पुढे करताना म्हणायच्या, "सरकवते हं, लिहून घ्या." मुकादम तिथेच बसलेले असायचे. बाई इतरांबरोबर हसायच्या. सगळ्यांत मोठ्याने नव्हे, पण हसायच्या.

खात्याची नवी इमारत झाली, तेव्हा दर्शनी भिंतीवर जुना नकाशा मोठा करून लावायचं ठरलं. बाईंनी मामांचा एक नकाशा निवडला. मामा तोवर वारले होते. पडद्यावर त्यांचं अक्षर खूप मोठं करून पाहायला बाईंना बरं वाटत होतं. त्यांनी एक सहा मोठा केला. त्याच्या पोटात, उजव्या अंगाला, मुंगीने चावा घेतल्यासारखी बारीक पांढरी खाच होती. पेनाच्या टोकात कण अडकला असेल, असं त्यांना वाटलं. त्या पुढच्या सहावर गेल्या. तिथेही तीच खाच होती, त्याच जागी, तेवढीच. त्यानंतरच्या सहाचंही तसंच.

मामांचे दोन सहा कधी सारखे निघत नसत. शेपटी कधी लांब, कधी आखूड. घाईत असले की पोट उघडं राहायचं. त्यांच्या हाताखाली वाढलेल्या भाचीला हे पडद्यावर बघायची गरजच नव्हती. पानावर मामांचा एकच सहा होता आणि तो जागोजागी चिकटवलेला होता.

बाईंनी छापखान्याच्या गल्लीचा नकाशा उघडला. व्हॉल्व्हशेजारचा सहा मोठा केला. खाच होती.

त्या जुन्या कागदांच्या गोदामात गेल्या, दबलेली गुंडाळी ओढून काढली आणि एका खोक्यावर उलगडली. व्हॉल्व्हशेजारी एकावर एक दोन शून्यं होती, वरचं दाबलेलं आणि शाईने जवळजवळ बुजलेलं. मशीनला ते सहासारखं वाटलं आणि त्याने आपल्या ठशांतला स्वच्छ सहा तिथे बसवला. डाग नाही, फुटलेली रेघ नाही. चूक धूसर असती तर कोणाला शंका तरी आली असती. ही चूक मूळ कागदापेक्षा नीटनेटकी होती.

बाईंच्या मनात पहिला विचार आला तो मुकादमांचा नव्हता. पडद्यावरचा नकाशा आपण उघडा ठेवून आलो, तेवढ्यात कोणी पाहिला तर नसेल, हा होता. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. चूक मशीनची, घाईची, अज्ञानाची म्हणता आली असती. हा विचार मात्र पूर्णपणे त्यांचा स्वतःचा होता.

त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सॉफ्टवेअरचा दोष आहे हा."

"नाही साहेब. त्यात दुसरा पर्याय होता. मी हा घेतला."

"मीच म्हणालो होतो, आवरा म्हणून."

"आकडे बदला असं नव्हतात म्हणाला."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "हे बघा. गुंडाळ्या शिल्लक आहेत तेवढे नकाशे गाजावाजा न करता पुन्हा स्कॅन करा. मुकादमांना साइटवर परत घेऊ. प्रशासकीय कारण म्हणू. बाकी कोणाला काही सांगायची गरज नाही. लोक काय, चार दिवस बोलतील आणि प्रत्येक नकाशावर शंका घेतील."

बाई बाहेर आल्या. जिन्यात त्यांना हायसं वाटलं. मुकादमांचं काम परत मिळणार होतं आणि आपलं नाव कुठे येणार नव्हतं. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या, कारण हायसं वाटलं याचीच त्यांना शरम वाटली. कोणी थोबाडीत मारली असती तर जास्त बरं वाटलं असतं, असं त्या नंतर आपल्या जावेला म्हणाल्या. जाऊ फटकळ होती. म्हणाली, "मारणारा माणूस गोदामात बसवलात ना तुम्ही. जा त्याच्याकडे."

गुंडाळी काखेत घेऊन बाई मुकादमांच्या घरी गेल्या. वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. दार मुकादमांनीच उघडलं, "या बाई" म्हणाले आणि दार लावून कडी घातली. दोन पावलं आत गेले, वळले आणि कडीला पुन्हा हात लावून पाहिला. मग स्वयंपाकघराकडे निघाले.

"गॅस बंद आहे," आतून त्यांच्या बायकोने सांगितलं. "मी पाहिलाय."

"नक्की ना?"

"नक्की." त्या हात पुसत बाहेर आल्या आणि बाईंना म्हणाल्या, "हल्ली यांचं असंच आहे. स्वतः बंद करतात आणि मला विचारतात. पूर्वी साऱ्या गावाचे नळ यांच्या डोक्यात असायचे."

बाईंना बदली माहीत होती, टोपणनाव माहीत होतं. हे माहीत नव्हतं.  त्यांनी कागद जमिनीवर पसरला. तो पुन्हा गुंडाळला जाऊ लागला, तेव्हा मुकादमांच्या बायकोने एका टोकाला इस्त्री ठेवली आणि दुसऱ्या टोकाला साखरेचा डबा.

"छापखान्याची गल्ली," मुकादम म्हणाले. ते उकिडवे बसले आणि नळाच्या रेघेवरून बोट नेत व्हॉल्व्हपाशी थांबले. 

"आठ आहे हा," त्यांची बायको म्हणाली. तिने याआधी कधी नकाशा पाहिला नव्हता.

बाईंनी सांगितलं. ठसे, सारखे दिसणारे आकडे, दोन पर्याय, आपण घेतलेला पर्याय. मुकादम ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे मी हलवला नव्हता?"

"नाही."

"खात्री आहे?"

या शब्दावर बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खात्री हाच तर त्यांचा आजवरचा धंदा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "कागद तुमच्यासमोर आहे, मुकादम. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

"मला तर हलवल्याचं आठवायलाही लागलं होतं," मुकादम सावकाश म्हणाले. "पाना हातात आहे, चिखल आहे, मागून कोणीतरी कंदील धरलाय. सगळं दिसायचं. दुसरीकडचं कुठलं तरी असेल."

"मला माफ करा. माझ्या मशीनने..."

"ताई," मुकादमांच्या बायकोने मध्येच विचारलं, "यांनी मूळ कागद काढा म्हटलं, तेव्हा नको म्हणालं ते मशीन होतं का?"

"नाही. मी."

"मग मशीनला कशाला मध्ये आणता?"

"अगं, घरी आल्यात त्या," मुकादम म्हणाले.

"आल्यात ते चांगलंच केलं. चहाही देते. पण माफी इथे मागून काय उपयोग? आम्ही दोघं काही हसलो नव्हतो. जिथे हसले तिथे सांगा."

त्या चहा करायला गेल्या. चहा झाल्यावर मुकादम उठले आणि गॅस पाहून आले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीन भरलेलं होतं. मुकादम त्यांच्या नेहमीच्या भिंतीकडेच्या जागेवर होते. बाई उभ्या राहिल्या. त्यांना सवय नव्हती. कोणीतरी म्हणालं, "ठिपकाबाई भाषण देणार, बसा रे."

त्यांनी भाषण दिलं नाही. छापखान्याच्या गल्लीतला व्हॉल्व्ह कोणीही सरकवलेला नाही, मूळ नकाशात आठ आहे, संगणकात तो सहा झाला, तो माझ्यामुळे झाला आणि मुकादमांनी कागद काढा म्हटल्यावर मी नाही म्हटलं, एवढं त्या बोलल्या. साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी नजर खाली वळवली, पण थांबवलं नाही.

"म्हणजे ठिपका हरवला म्हणायचा," हिशेबनीस म्हणाले.

"ठिपके भरपूर होते," बाई म्हणाल्या. "चुकीच्या आकड्याचे होते."

"मग आता नाव बदला की!"

दोघं-तिघं हसले.

"बदला," बाई म्हणाल्या. "सरकवे माझं नाव ठेवा. ते माझंच होतं."

कोणी ठेवलं नाही. ठिपकाबाईच म्हणत राहिले, फक्त पूर्वी ते कौतुकाने म्हणत, आता जपून म्हणू लागले. चहावाल्या मावशींनी मुकादमांपुढे बशी ठेवली आणि ती पुढे सरकवताना काही बोलल्या नाहीत. मुकादमांनी चहा संपवला आणि मीटरच्या गोदामाकडे निघून गेले. जाताना बाईंकडे पाहून त्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ बाईंना लावता आला नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

गुंडाळ्या शिल्लक होत्या ते नकाशे पुन्हा स्कॅन झाले, फॅक्सच्या जुन्याच रीतीने. ज्यांचे कागद फेकून दिले होते त्यांचं काय करायचं, याला एकच उत्तर होतं. जागेवर जाऊन मोजायचं. मुकादमांना तोवर साइटवर परत घेतलं होतं, काम त्यांच्याच टोळीकडे आलं. नकाशा खोलीतर्फे कोणीतरी सोबत हवं होतं. बाईंनी स्वतःचं नाव दिलं.

पहिली जागा एका शाळेच्या मागची होती. टोळीने लोखंडी झाकण मोकळं केलं. बाईंनी टेपचं शून्याचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला लावून धरलं आणि मुकादम टेप सोडत झाकणापर्यंत गेले. पूर्वी ते अशा वेळी टेप टेकायच्या आतच आकडा ओरडून सांगत. सांगणाऱ्याची घाई आणि लिहिणाऱ्याची तारांबळ हा टोळीतला नेहमीचा विनोद होता.

आता ते वाकले, टेपकडे पाहिलं, सरळ झाले आणि पुन्हा वाकले. मग शेजारी कुदळ टेकवून उभ्या असलेल्या मजुराला म्हणाले, "बघ रे, किती आहे?"

"तुम्हीच सांगा की मुकादम. तुम्ही वाचलंत ना?"

"वाचलं. तू बघ."

मजूर वाकला आणि त्याने आकडा सांगितला.

"मला तोच दिसला," मुकादम म्हणाले. हे त्यांनी मजुराला सांगितलं की स्वतःला, ते कळलं नाही. मग कोपऱ्याकडे वळून हाक मारली, "बाई, टोक नीट धरलंय ना?"

"धरलंय, मुकादम."

टेप ताणलेलीच होती. तरी बाईंनी दोन्ही अंगठ्यांनी ते टोक भिंतीवर दाबलं, जितकं दाबता येईल तितकं.